मिरवणूक, ट्यूबलाइट आणि ५० फ्रेम्स: पन्नास हजारांत व्हिडिओ कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सिडकोतला एक तरुण ढोल पथकात वाजवतो. त्याला पथकाचा सराव, गणपतीची मिरवणूक आणि अधूनमधून बहिणीच्या नृत्यवर्गाचा कार्यक्रम शूट करायचा आहे. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत टिपरू फरफटल्यासारखं दिसतं आणि ध्वज नाचवताना चित्र अडखळतं. फुल एचडी आणि ‘स्मूद ६० एफपीएस’ (सेकंदाला ६० फ्रेम्स) हवं, बजेट सगळं मिळून ५० हजार. कोणता कॅमेरा घ्यावा?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. १०८०ला, म्हणजे फुल एचडीला, सेकंदाला खरे ५० फ्रेम्स प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम पूर्ण) देणारा, बाहेरच्या माइकचं सॉकेट असलेला, स्क्रीन वळणारा आणि मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. तो जुना मिळाला तरी चालेल. ६०चा हट्ट सोडा. फोर केचा तर सोडाच.

तुम्ही जी तक्रार सांगितलीत ती खरं तर एक नाही, दोन आहेत, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. टिपरू फरफटतं ते शटरमुळे. संध्याकाळच्या उजेडात मोबाइल प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्या वेळात टिपरू वीतभर सरकतं, म्हणून त्याचा पंखा होतो. ध्वज अडखळतो तो फ्रेम्समुळे. उजेड कमी झाला की बरेच फोन तुम्हाला न विचारता फ्रेम्स कमी करतात, ६०वर ठेवलेला व्हिडिओ मध्येच ३०वर किंवा २४वर येतो. आयफोनमध्ये त्याला ‘ऑटो एफपीएस’ म्हणतात, ते बंद करता येतं. अँड्रॉइडमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असं काही आहे का ते आधी शोधा. कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी हे एकदा करून बघाच. फक्त दिवसाउजेडी शूटिंग असतं तर मी तुम्हाला आहे त्याच फोनला एक बरा गिंबल (फोन स्थिर धरणारा दांडा) घ्यायला सांगितलं असतं आणि विषय संपला असता. पण मिरवणूक अंधार पडल्यावर रंगते.

आता ६० नको, ५० का ते बघू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. त्यावर चालणारी ट्यूब, हॅलोजन आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रत्येक फ्रेम सेकंदाचा १००वा भाग उघडी राहिली, म्हणजे शटर १/१००, की तिच्यात दिव्याचा एक पूर्ण फेरा बसतो आणि सगळ्या फ्रेम्स सारख्याच उजळ येतात. शटर १/१२० किंवा १/२५० केलं की काही फ्रेम्स दिव्याच्या भरतीत सापडतात, काही ओहोटीत, आणि चित्रावर काळपट पट्टे सरकायला लागतात. सराव शूट करताना मैदानावरच्या दिव्यांखाली दिसतात ते हेच पट्टे.

व्हिडिओवाल्यांचा दुसरा जुना ठोकताळा असा, की शटर फ्रेम्सच्या दुप्पट ठेवायचं. २५ फ्रेम्सना १/५०, ५० फ्रेम्सना १/१००. एवढं ठेवलं की हालचाल ना फरफटत, ना तुटक दिसत. ५० फ्रेम्सला हे दोन्ही हिशेब एकाच आकड्यावर जुळतात: दिव्यालाही १/१०० हवं आणि हालचालीलाही १/१००. ६०ला ठोकताळ्याप्रमाणे १/१२० येतं आणि ते आपल्या दिव्यांशी भांडतं. ६०वर शूट करायचंच असेल तर शटर १/१००ला बांधून ठेवा, काम चालतं. पण मग ५०च का नको?

‘नको’चं एक खरं कारण आहे, ते लपवत नाही. बहुतेक फोनचे आणि लॅपटॉपचे पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात. त्यावर ५०चा व्हिडिओ चालवला की दर पाचव्या फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरवलेला असेल तर बारीक नजरेला ती अडखळ कळते. म्हणून फक्त उन्हात शूट करणाऱ्याला मी खुशाल ६० सांगेन. मांडव, सभागृह, रस्त्यावरचे दिवे यांत काम करणाऱ्याला ५०. तुमचं काम दुसऱ्या प्रकारातलं आहे.

सोनीच्या कॅमेऱ्यात हे पाल आणि एनटीएससी या जुन्या टीव्ही पद्धतींच्या नावांनी असतं. पाल म्हणजे २५, ५०, १००, आणि एनटीएससी म्हणजे ३०, ६०, १२०. जुना कॅमेरा बघायला गेलात आणि चालू करताच स्क्रीनवर ‘रनिंग ऑन एनटीएससी’ असं आलं तर घाबरू नका. आधीच्या मालकानं ६०वर ठेवलाय एवढाच त्याचा अर्थ. मेन्यूतून पालवर आणा. कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगेल, म्हणून त्यावरचं आधी काढून घ्या.

मिरवणुकीतली एक भानगड मात्र कुठल्याच आकड्यानं पूर्ण सुटत नाही. टेम्पोवरचे दिवे जनरेटरवर चालतात आणि छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी भार पडला की हलते. शिवाय स्वस्त रंगीत एलईडी आणि एलईडी वॉल आपल्याच तालात लुकलुकतात. तिथे थोडे पट्टे येणारच. ज्या कॅमेऱ्यात शटर अगदी बारीक पायऱ्यांनी हलवता येतं तिथे हलवून बघायचं, नाहीतर त्या वॉलकडे पाठ करून उभं राहायचं. मी दुसरा मार्ग पत्करतो.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचं, सेकंदाला साधारण १६ फ्रेम्स, आणि फ्रेम रेट म्हणजे कॅमेरामनचं मनगट. २४चा आकडा पक्का झाला तो बोलपट आल्यावर, कारण फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली आणि तिचा वेग हलून चालेना.

५० फ्रेम्सची किंमत उजेडात मोजावी लागते, आणि दुकानदार हे सांगत नाही. २५ फ्रेम्सला शटर १/५० चालतं, ५०ला १/१०० लागतं. म्हणजे प्रत्येक फ्रेमला निम्माच उजेड मिळतो. कॅमेरा ती तूट आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून भरतो आणि चित्रात दाणे दिसायला लागतात. म्हणून रात्री स्मूद व्हिडिओ हवा असेल तर पैसे घालायचे ते मोठ्या सेन्सरवर आणि उजळ लेन्सवर. खोक्यावरचा फ्रेम्सचा आकडा त्यानंतर. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ हा छोटा हँडीकॅम याचं चांगलं उदाहरण आहे. स्वस्त आहे, ५०पी (५० फ्रेम्स प्रोग्रेसिव्ह) खरंखुरं देतो, ३० पट ऑप्टिकल झूम आहे. उन्हात शाळेचं स्नेहसंमेलन शूट करायला छान. पण सेन्सर १/५.८ इंची, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान, आणि बाहेरचा माइक लावायला सॉकेटच नाही. नाशिकच्या अशोक स्तंभापाशी रात्री आठ वाजता तो तुम्हाला दाणेदार खिचडी देईल.

फोर केबद्दल. या बजेटमधले बहुतेक कॅमेरे फोर के देतात ते २५ किंवा ३० फ्रेम्सलाच. म्हणजे फोर के घेतलं की नेमका तोच स्मूदपणा जातो ज्यासाठी तुम्ही कॅमेरा घेताय. मुलाखती घ्यायच्या असत्या, नंतर चित्र छाटून जवळ आणायचं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

जुन्या बाजारात आणखी एक सापळा आहे, ५०आय. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडचे खांद्यावरचे एव्हीसीएचडी (एचडी रेकॉर्डिंगचा एक जुना प्रकार) कॅमेरे स्वस्तात निघतात, दिसायला भारदस्त असतात, विकणारा ‘फुल एचडी, ५०’ म्हणून सांगतो. तो खोटं बोलत नसतो. पण ५०आयमध्ये एका वेळी अर्ध्याच ओळी नोंदल्या जातात, आधी एकाआड एक, मग राहिलेल्या. पूर्ण फ्रेम्स २५च. टीव्हीवर ते खपून जायचं. संगणकावर लावलं की वेगानं फिरणाऱ्या टिपरूच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. एव्हीसीएचडीत ५०पी आणि ६०पीची अधिकृत सोय झाली २०११ साली, त्याआधीचा कॅमेरा असेल तर नीट तपासा. सोनीच्या हँडीकॅममध्ये ‘पीएस’ ही गुणवत्ता म्हणजे ५०पी, २८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). एचक्यू, एलपी म्हणजे ५०आय. कॅमेरा चांगला असूनही मालकानं पीएस कधी लावलेलंच नसतं, असंही फार बघितलं आहे.

आणि ते ऑनलाइन मिळणारे अनोळखी नावाचे ‘फोर के ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम’ कॅमकॉर्डर. सोबत माइक, दिवा, रिमोट, बॅग, सगळं दहा-बारा हजारांत. त्यांचा झूम डिजिटल असतो, म्हणजे चित्र नुसतं ताणलेलं. ६०चा आकडाही बऱ्याचदा तीच फ्रेम दोनदा लिहून भरलेला असतो. यावर मी एक ओळही जास्त खर्च करणार नाही.

आता मॉडेल. तुमच्या कामाला मला सोनीचा झेडव्ही-ई१० सगळ्यात जवळचा वाटतो. २०२१चा कॅमेरा, एपीएस-सी म्हणजे मोठा सेन्सर, १०८०ला ५०पी आणि १००पी दोन्ही, स्क्रीन पूर्ण बाहेर वळतो, माइक आणि हेडफोन दोन्हींचं सॉकेट, आणि चेहरा धरून ठेवणारा ऑटोफोकस. नवा किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स) घेतलात तर बजेट फुटेल. जुना मात्र बसवता येतो. लग्नसराई संपली की बरेच जण कॅमेरा बदलतात, तेव्हा शोधा. त्याच्या उणिवा दोन. सेन्सर स्थिर ठेवण्याची यंत्रणा बॉडीत नाही, आणि बॅटरी लहान आहे, व्हिडिओला तास-सव्वातास धरून चाला. पण यूएसबी-सीनं पॉवर बँक लावून शूटिंग चालू ठेवता येतं. पॉवर बँक कमरेच्या पाऊचमध्ये, केबल शर्टाच्या आतून. सहा तासांच्या मिरवणुकीत हीच सोय कामाला येते.

नवाच हवा, बिल आणि वॉरंटी हवी, तर कॅननचा आर१०० बघा. १०८०ला ५०पी आहे, त्यात फोकस चांगला धरतो, माइकचं सॉकेट आहे. पण स्क्रीन हलत नाही आणि त्याला टचही नाही. गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून शूट करताना समोर काय येतंय ते दिसणार नाही. नृत्यवर्गाला ट्रायपॉडवर लावायला उत्तम, मिरवणुकीला गैरसोयीचा. त्याचा थोरला भाऊ आर५० जास्त योग्य, फक्त तो नवा तुमच्या आकड्यात बसणं कठीण.

तिसरा पर्याय पॅनासॉनिकचा जी७. २०१५चा म्हणजे वयस्कर आहे, पण वळणारा स्क्रीन, माइकचं सॉकेट, ५०पी सगळं आहे आणि जुना फार स्वस्त मिळतो. त्याच्यासाठीची २५ मिलिमीटर एफ१.७ लेन्सही परवडते आणि किट लेन्सपेक्षा कितीतरी जास्त उजेड आत घेते. दोष फोकसचा. कमी उजेडात तो मागेपुढे चाचपडत बसतो. फोकस हातानं लावायची तयारी असेल तर पैसा वसूल.

अ‍ॅक्शन कॅमेरा मिरवणुकीसाठी घेऊ नका. त्याचा लहान सेन्सर रात्री दम तोडतो. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात) धप्पा मारतानाचा शॉट हवा असेल तर मात्र त्याला तोड नाही, पाण्याची भीती नाही, दिवसाचा लख्ख उजेड, १००-१२० फ्रेम्सवर काढून चौपट संथ करा. त्या एका दिवसासाठी भाड्यानं मिळतो.

स्लो मोशनचं आलंच आहे तर एवढंच: १००वर काढलेलं २५वर चालवलं की चौपट संथ होतं. पथकाचा ध्वज उलगडतानाचा शॉट १००वर काढा. दिव्यांखालीही १००लाच राहा, तिथे शटर १/१०० चालतं. १२०ला चालत नाही, लखलखाट होतो.

आता आवाज, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही आणि ज्यानं ढोलाचे निम्मे व्हिडिओ वाया जातात. कॅमेऱ्याचा आवाज ऑटोवर असला की ढोलाचा पहिला ठोका पडताच तो पातळी एकदम खाली ओढतो. मग ताशाची तर्री दबून जाते. ढोल थांबले की पातळी पुन्हा वर चढते आणि मागच्या माणसाचं खोकणं मोठ्यानं ऐकू येतं. माइक लेव्हल मॅन्युअल करा. सगळे ढोल एकदम पडतात तेव्हाच ती लावायची, सुरुवातीच्या तालमीवर लावायची नाही. मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळलं पाहिजे, शून्याला टेकता कामा नये. माइकवर फर लावा, कारण गोदाकाठावर वारा असतो. पथकाच्या पोटात उभं राहून रेकॉर्ड केलेला आवाज फाटतोच, चार-पाच पावलं बाजूला सरा.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. ५० एमबीपीएसला तासाला साधारण २२ जीबी लागतात. १२८ जीबीच्या कार्डात साडेपाच तास मावतात. कार्डावर यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं हवं, आणि एकाच १२८ऐवजी ६४ची दोन घ्या. एक बिघडलं तर अर्धी मिरवणूक तरी हाती राहते. जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, ती अडचण युरोपातल्या जकातीच्या नियमातून आलेली होती. नृत्याचा सलग तासाचा कार्यक्रम शूट करायचा असेल तर घेण्याआधी हे विचारून घ्या.

५० हजार कसे वाटाल? बॉडी आणि लेन्सला ३८-४० हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्यात माइक, कार्डं, एक जादा बॅटरी आणि मोनोपॉड (एका पायाचा स्टँड). मोनोपॉड विसरू नका. गर्दीत गिंबलचे हात कुणाच्या ना कुणाच्या खांद्याला अडकतात, मोनोपॉड पायाशी टेकवून उभं राहता येतं आणि गरज पडली तर तोच उचलून कॅमेरा डोक्यावर धरता येतो.

खरेदीला जाताना स्वतःचं कार्ड आणि लॅपटॉप न्या. नाशिकमध्ये मनासारखं मिळालं नाही तर पंचवटी एक्स्प्रेसनं सीएसएमटी गाठा, कॅमेऱ्यांच्या दुकानांचा बोरा बाजार स्टेशनपासून चालत आहे. दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यावरची वाहनं अर्धा मिनिट शूट करा, ५०पी, शटर १/१००. मग कॅमेरा झटकन आडवा फिरवून विजेचा खांब किंवा दाराची चौकट टिपा, सेन्सर चित्र ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे ती किती तिरपी झुकते ते दिसेल. तुमच्या ध्वजाची काठीही तेवढीच वाकडी दिसणार. क्लिप लॅपटॉपवर व्हीएलसीत उघडून थांबवा आणि ‘ई’ची कळ एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबाला रिक्षा थोडी पुढे सरकली पाहिजे. एक सोडून एक दाबाला ती जागच्या जागी राहिली तर आकडा फुगवलेला आहे. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर फाइल उघडून फ्रेम रेट, प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड (५०आयसारखं), बिटरेट सगळं लिहून दाखवतं. विकणारा काय म्हणतो याला मग महत्त्व उरत नाही.

जुना असेल तर लेन्सचं झाकण लावून मिनिटभर रेकॉर्ड करा, काळ्या चित्रात रंगीत ठिपके चमकतात का बघा. माइकची पिन सॉकेटमध्ये हलवून खरखर येते का ऐका. मूळ बिलावरचा आणि कॅमेऱ्याखालचा सिरियल नंबर एकच आहे ना, ते जुळवा. बॅटरी फुगलेली असेल तर तेवढे पैसे कमी करून मागा.

एडिट करताना टाइमलाइन ५०चीच ठेवा. यूट्यूबवर ५० तशीच चढवता येते. रीलसाठी वेगळी प्रत २५ची काढा, ३०ची नको. ५०चं निम्मं २५ सरळ येतं, ३० काढताना फ्रेम्स नीट वाटल्या जात नाहीत आणि पुन्हा तीच अडखळ.

राहिला गुलाल. रस्त्यावर लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा आणि कॅमेऱ्याला पारदर्शक पावसाळी कव्हर घाला, भाद्रपदातला पाऊस आणि गुलाल दोन्हींना तेच पुरतं. घरी आल्यावर कापडानं पुसू नका, ते कण काचेवर घासले जातात. आधी रबरी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. किट लेन्सचा झूम बाहेर आलेला असेल तर त्याची नळी साफ केल्याशिवाय आत ढकलू नका.